घरातून निसर्गोपचार करताना दिवस कसा आखावा

खानापूर तालुक्यातील एका तरुण निसर्गोपचारिकेने विचारले आहे की, साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप पूर्ण झाली असून आता राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आणि मागच्या पडवीत काम सुरू करायचे आहे. तर दिवसाची आखणी कशी करावी, घरच्यांना जाच न होता रुग्ण कसे सांभाळावेत, आणि हातातल्या थोड्या पैशांत वाफेची पेटी आधी घ्यावी की टब. मी बेळगावच्या वडगाव भागात राहत्या घरातूनच हे काम अनेक वर्षे करीत आले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकीची आखणी तिच्यावरच उभी आहे. प्रत्यक्ष उपचाराला घरातल्या कामात वेळ कमी लागतो. आज या रुग्णाला हा उपचार द्यावा की नाही हे ठरवायला जास्त वेळ राखून ठेवावा लागतो. उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेल्या आश्रमासारख्या निवासी केंद्रात रुग्ण दिवसरात्र नजरेखाली असतो, जेवण तिथल्याच स्वयंपाकघरातून येते, चक्कर आली तर धरायला माणसे असतात. आपल्याकडे रुग्ण बसने किंवा दुचाकीवरून उपाशीपोटी येतो, सकाळी त्याने कोणती गोळी घेतली हे आपण पाहिलेले नसते, आणि तासाभराने तो तसाच परत जातो. त्यामुळे टब भरण्याआधीची पंधरा मिनिटे ही आपल्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची वेळ ठरते, आणि ती कुणाच्याही घाईसाठी कापली जाणार नाही अशाच बेताने वेळापत्रक बांधले पाहिजे.

माझ्याकडे उपचार सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढ्याच वेळात चालतात, कारण मातीपट्टी, कटिस्नान (टबात कंबर आणि ओटीपोट पाण्यात बुडेल असे बसणे) वगैरे रिकाम्या पोटी घ्यायचे असतात आणि दहानंतर घरात स्वयंपाकाची गडबड सुरू होते. एका वेळी एकच रुग्ण टबात आणि एकच पट्टीवर, यापेक्षा जास्त मी घेत नाही. त्यासाठी पहाटे पाचला उठून पाण्याची व्यवस्था लावावी लागते, आणि इथे पुस्तकातले आकडे व घरातले नळ यांचा मेळ घालावा लागतो. थंड कटिस्नानाला १० ते १८ अंश सेल्सिअस, समशीतोष्ण म्हणजे ३२ ते ३६, गरम म्हणजे ४० ते ४५ अंश असे आपण शिकलेले असतो. बेळगावची हवा गार म्हणून नावाजलेली असली तरी विहिरीचे पाणी वर्षभर हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपासच राहते, त्यामुळे १८ अंशांखालचे पाणी हवे असेल तर बर्फ घालण्यावाचून गत्यंतर नाही. चैत्र-वैशाखात तर छपरावरच्या टाकीतले पाणी दुपारी उन्हाने कोमट होऊन बसते. घरी येऊन जाणाऱ्या बहुतेक रुग्णांना मी बर्फाच्या फंदात पाडत नाही. विहिरीच्या पाण्याने दहा मिनिटांचे कटिस्नान त्यांना सोसते आणि पुढच्या दिवशी ते पुन्हा येतात, हे मला जास्त मोलाचे वाटते. मात्र गार असो वा गरम, पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा वाचल्याशिवाय रुग्णाला पाण्यात बसवू नये. हाताचा अंदाज हा सकाळच्या चहाचा कप धरलेल्या हाताचा अंदाज असतो.

मातीचे काम पावसाळ्याच्या आधीच उरकावे लागते, आणि आपण खानापूरच्या असल्यामुळे हे आपल्याला अधिकच लागू आहे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचा पाऊस एकदा लागला की माती उन्हात वाळवणे विसरावे लागते. म्हणून मृग लागण्यापूर्वी, एप्रिल-मेच्या कडक उन्हात, चार महिन्यांची माती खणून, वाळवून, चाळून झाकणाच्या डब्यांत भरून ठेवावी. वरची माती घेऊ नये. तीन-चार फूट खालची, खडे, मुळ्या आणि शेणखत नसलेली माती घ्यावी, आणि जिथे ऊस किंवा तंबाखू होते अशा शेतातली अजिबात घेऊ नये, कारण तिथे औषधफवारणी झालेली असते. खानापूरची तांबडी माती कौलांना आणि कुंभारकामाला नामी आहे, पण पोटावरच्या पट्टीला पूर्वेकडची काळी माती ओल जास्त वेळ धरते. मी दोन्ही मिसळून वापरते. रात्री भिजत घातलेली माती सकाळी लाकडी उलथन्याने कालवून, सुती कापडाच्या पट्टीत साधारण दहा इंच लांब, सहा इंच रुंद आणि इंचभर जाड थापावी, आणि ती वीस ते तीस मिनिटे ओटीपोटावर ठेवावी. एकाच्या अंगाला लागलेली माती दुसऱ्याला वापरायची नाही; ती सरळ परसातल्या झाडांना घालावी. कापडांचे दोन संच पुरत नाहीत, पावसाळ्यात चार लागतात, कारण न वाळलेले कापड हेच गजकर्णाचे घर असते. मी श्रावण-भाद्रपदात पट्ट्या इस्त्री करूनच ठेवते, आणि ज्याच्या जांघेत किंवा कमरेवर नायटा दिसतो त्याला टब देत नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवते.

आता त्या पंधरा मिनिटांविषयी. नेहमीच्या रुग्णालासुद्धा रोज तेच प्रश्न विचारायचे, न कंटाळता: काल रात्री किती वाजता जेवलात, सकाळपासून पोटात काय गेले, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि आज त्यातली कोणती घेतली, काल येथून गेल्यावर चक्कर, धडधड, थंडी असे काही झाले का, स्त्रियांना पाळी आणि गरोदरपण यांविषयी, आडोशाला आणि एकटीला. पाळीच्या दिवसांत व गरोदरपणात थंड कटिस्नान आपण देत नाही, पण सासू शेजारी बसली असेल तर सून या प्रश्नाचे खरे उत्तर देणार नाही, म्हणून ही बैठक पुढच्या खोलीत सर्वांसमोर उरकू नये. मग रक्तदाब, नाडी आणि मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरवर साखर. आपल्या भागात निम्मी विचारपूस कन्नडमध्ये करावी लागते. ‘गुळिगी तगोंडीरेन्री?’ (गोळी घेतलीत का?) एवढे विचारून थांबू नये. गोळ्यांचे पाकीटच पिशवीतून काढून पाहावे, कारण ‘बीपीची लाल गोळी’ एवढ्याने काहीच कळत नाही. माझ्याकडे प्रश्नांचा कागद मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापलेला आहे, आणि चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनाही तोच चालतो.

या चौकशीत काय सापडते याचे एक उदाहरण देते. आमच्या भागात यंत्रमागावर उभे राहून काम करणारे पुष्कळ आहेत, आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात ही त्यांची नेहमीची तक्रार असते. असेच एक मधुमेही गृहस्थ गरम पादस्नान मागायला आले. शेजारच्याला त्याने आराम पडला होता. पादस्नान सोपे असते, ४० अंशांच्या वर पाणी, डोक्यावर गार टॉवेल, दहा-पंधरा मिनिटे, त्यामुळे देऊन टाकण्याचा मोह होतो. मी त्यांना पाटावर पाय ठेवायला सांगून डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या बोळ्याने एकेका बोटाला स्पर्श करीत ‘कळले की सांगा’ म्हटले. उजव्या पायाच्या अंगठ्यापासून टाचेपर्यंत त्यांनी एकदाही ‘हो’ म्हटले नाही. तळवा वळवून पाहिला तर चवड्याखाली तारेचा बारीक तुकडा रुतलेला, भोवती कातडी पांढरी झालेली, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ज्या पायाला तार टोचलेली कळत नाही त्याला पाणी किती तापले आहे हेही कळत नाही. असा पाय गरम पाण्यात ठेवला तर भाजून फोड येईपर्यंत माणूस निवांत बसून राहतो, आणि मधुमेहात ती जखम चिघळून बोट काढण्याची वेळ येऊ शकते. पादस्नान रद्द करून मी त्यांना त्याच सकाळी चिठ्ठी देऊन सर्जनकडे पाठवले. पुढे ते आहारासाठी येत राहिले. पायांसाठी मी त्यांना रोज रात्री आरशात तळवे पाहायला आणि मागावर अनवाणी उभे न राहायला सांगितले, आणि गरम पाण्याचा उपचार त्यांच्या कागदावर कायमचा खोडला.

उपवासाबाबत तर आपल्या लोकांशी फार बारकाईने बोलावे लागते. आपण उपवास म्हणतो तेव्हा आपल्या मनात लिंबूपाणी, शहाळे, ताक किंवा फळे असा काही क्रम असतो. रुग्णाच्या मनात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि तळलेली रताळी असतात, आणि बेळगाव तालुक्यात रताळी मुबलक पिकत असल्याने ती घरात असतातच. दुसरीकडे मंगळवार-शुक्रवार करणाऱ्या, चतुर्थी-एकादशी पाळणाऱ्या बाया त्या दिवशी खरोखरच काही खात नाहीत, पण साखरेची गोळी मात्र नेमाने घेतात, कारण ‘गोळी चुकवायची नाही’ असे डॉक्टरांनी बजावलेले असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरते, हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि शेजारी त्याला ‘अंगात आले’ म्हणतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे: त्यांच्यावर लांबलेला उपवास केला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते, आणि नुसत्या ग्लुकोमीटरवर ते दिसत नाही. म्हणून मधुमेही रुग्णाला उपवास सांगायचा झाल्यास त्याच्या डॉक्टरांशी आधी बोलून गोळीची मात्रा त्यांच्याकडूनच बदलून घ्यावी. ती आपण कधीही बदलू नये आणि बंद तर मुळीच करू नये. माझ्या टेबलावर साखरेचा डबा कायम असतो. साखर खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता गाडी बोलवायची, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मी शिकवून ठेवले आहे.

रसांचेही तसेच आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळे आणि फळांचे रस म्हणजे पोटॅशियमचा मारा असतो, तो हृदयाला बाधतो. दुध्याचा रस कुणाला सांगितलाच, तर किसण्यापूर्वी दुध्याची फोड जिभेला लावून पाहायला सांगावे. कडू लागली तर तो दुध्या टाकून द्यावा. कडू दुध्यातल्या कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याने जोराच्या उलट्या आणि रक्तस्राव होऊन माणसे दगावली आहेत. आहार सांगताना इथल्या चुलीवर शिजते तेच सांगावे. नाचणीची आंबील, जोंधळ्याची भाकरी, हातसडीचा तांदूळ, परसातला पाला आणि कमी तेलाची आमटी यांतून जे साधते ते महागड्या बियांनी साधत नाही. शिवाय ती भाकरी घरातल्या सगळ्यांनी खाल्ली तरच रुग्णाची टिकते.

कोणाला अजिबात हात लावायचा नाही, तेही ठरवून ठेवलेले बरे. छातीत दाटणे, एकाएकी तोंड वाकडे होणे किंवा हात लुळा पडणे, काळी शौचास, कारण नसताना वजन उतरणे, १८०/१२० च्या वरचा रक्तदाब, पावसाळ्यातला अंग मोडून काढणारा ताप, ही सगळी दारातूनच रुग्णालयात पाठवायची माणसे. निपाणी-चिकोडीकडून विड्या वळणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे मान आणि कंबर धरल्याची तक्रार घेऊन येतात आणि खोकल्याला ‘तंबाखूच्या धुळीचा’ म्हणून सोडून देतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर मी कंबरेचे पुढे पाहू म्हणते आणि आधी सरकारी आरोग्य केंद्रात बेडका तपासायला पाठवते. ती तपासणी आणि क्षयाचे औषध तिथे मोफत मिळते. योगासनांतही हीच दक्षता लागते: काचबिंदू असणाऱ्याला शीर्षासन नाही, रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती नाही, आणि जलनेतीला, म्हणजे नाकातून पाणी सोडून नाक धुण्याला, उकळून गार केलेलेच पाणी.

घर आणि काम यांतल्या रेघेविषयी आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाने घरच्यांना रुग्णांचा तेवढा जाच होत नाही; जाच होतो तो कुंपणावरून मागितल्या जाणाऱ्या सल्ल्याचा. भाजी घ्यायला निघाले की कुणीतरी विचारते, ‘अक्का, पोट साफ होत नाही, एनिमा घेऊ का?’ माणूस ओळखीचा असतो, तुटक बोलवत नाही. तरीही असा सल्ला मी देत नाही, कारण त्या उत्तरामागे नाडी नसते, गोळ्यांचे पाकीट नसते, आणि नोंदही नसते. बद्धकोष्ठाच्या पोटी आतड्याची गाठ निघू शकते. ‘संध्याकाळी पाचनंतर या, पाहते’ एवढेच उत्तर ठरवून ठेवले आहे, आणि नातेवाइकांनाही तेच. सुरुवातीला लोक रुसतात. वर्ष-दोन वर्षांत तेच लोक वेळ घेऊन येऊ लागतात. रुग्णांचे दार शक्यतो वेगळे असावे, आपल्या पडवीला बाहेरून दार असेल तर उत्तमच. स्त्रियांचे उपचार स्त्रीच देईल आणि पुरुषाच्या उपचाराला मदतनीस हजर असेल, हे पहिल्या दिवसापासून पाळावे, कारण लहान गावात एकदा कुजबुज सुरू झाली की चांगले कामही बंद पडते. मुलांच्या परीक्षेचे दिवस, घरातला सण, श्राद्ध या दिवशी उपचार बंद असल्याची पाटी आठवडाभर आधी लावावी.

सरकारी बाजू थोडक्यात. राज्याच्या बोर्डाकडे स्वतःची नोंदणी आणि खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या २००७ च्या कर्नाटक कायद्याखाली जागेची जिल्हा पातळीवर नोंदणी, ही दोन्ही घरातल्या एका खोलीलाही लागू आहेत. त्या कायद्यात योग आणि निसर्गोपचार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाटीवर, पत्रकावर किंवा व्हॉट्सॲपवर ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे लिहू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, कर्करोग अशा अनेक विकारांवर बरे करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. शिवाय ते खरेही नसते. फी लिहून लावावी, म्हणजे घासाघीस होत नाही.

साडेनऊनंतर टब ब्लीचिंग पावडरने धुणे, कापडे उकळणे, मग जेवण. दुपारचा तास-दीड तास मी नोंदींना देते: प्रत्येकाच्या कागदावर त्या दिवशीचा रक्तदाब, पाण्याचे तापमान, किती मिनिटे, नंतर कसे वाटले, आणि काही दिले नसेल तर का दिले नाही. हा शेवटचा रकाना आपण नक्की ठेवावा, कारण दोन महिन्यांनी तोच रुग्ण तोच उपचार मागतो तेव्हा आपल्यालाच कारण आठवत नसते. डॉक्टरांना पाठवलेल्या चिठ्ठीची प्रतही तिथेच लावावी. अशा चिठ्ठ्या नीट लिहिल्या की तेच डॉक्टर पुढे आपल्याकडे आहार आणि योगासाठी माणसे पाठवू लागतात. संध्याकाळी पाच ते सात फक्त बोलणे आणि आसने, पाण्याचा कोणताही उपचार नाही. पाठ धरलेल्या बाईला घरी गेल्यावर खाली वाकून केर कसा काढायचा हे दाखवण्यात माझा कधी कधी अर्धा तास जातो, आणि तो वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

राहिला खरेदीचा प्रश्न. आधी रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर आणि पाण्याचे दोन थर्मामीटर घ्यावेत, एक फुटला तर काम अडू नये म्हणून दोन. मग फायबरचा एक कटिस्नानाचा टब, पायांसाठी दोन खोल बादल्या, मातीचे डबे आणि कापडांचे चार संच. वाफेची पेटी पहिला पावसाळा काढल्यानंतर घ्यावी. दोन किलोवॉटची वाफेची भट्टी सुमारे नऊ अँपिअर वीज ओढते, त्यासाठी १६ अँपिअरची वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका), पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच ती तोडणारा खटका) बसवून घ्यावा लागतो, कारण ओल्या फरशीवर अनवाणी, ओल्या अंगाने बसलेल्या माणसाजवळ ती भट्टी चालते. जुन्या कौलारू घरांतले वायरिंग बहुधा या भाराचे नसते, म्हणून पेटीची किंमत विचारण्यापूर्वी परवानाधारक वायरमनला बोलावून पडवीतले अर्थिंग मोजून घ्यावे.